जाळापाशी सापडेल तो

होळी झाली की जिंतूरहून जंगलखात्याचा शिपाई आमच्या गावात यायचा आणि पारासमोर हलगी वाजवून दवंडी दिली जायची. निजामाच्या राज्यात हुकूम उर्दूत निघत. दवंडीवाला ते मराठीत सांगे, "सरकारी जंगलात जो जाळ लावील त्याला कैद. जाळापाशी जो सापडंल त्यालाबी कैद."

एका साली माझ्या थोरल्या चुलत्यांनी विचारलं, "अन् इझवाया गेलेल्याला?"

"त्याला शेला-पागोटं!" पारावरून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. शिपायाला मराठी कळत नव्हतं. दवंडीवाला म्हणाला, "मालक, मला एवढंच सांगितलंय."

चुलत्यांच्या विचारण्याला कारण होतं. त्यांचं रान जंगलाच्या हद्दीला लागून होतं आणि वर्षाच्या कडब्याची गंजी तिथंच रचलेली होती. बैलजोडीला पावसाळ्यापर्यंत दुसरी वैरण नव्हती.

चैत्रात भर दुपारी डोंगरावरचं गवत पेटलं. कोणी पेटवलं ते कळलं नाही. वारा हद्दीकडे होता. चुलते पारावर आले.

"चला रं, डहाळे घ्या. गंजी जायलीय."

कोणी उठलं नाही. माझे वडील तिथंच होते. ते म्हणाले, "दादा, तुमीबी जाऊ नका. हाताला काजळी लागली की झालं. कडबा मागून आणता येईल, तुमाला कुठून आणायचं?"

"बैलाला काय दवंडी खाऊ घालू?" चुलते म्हणाले आणि एकटेच गेले.

लिंबाच्या डहाळ्यांनी ते संध्याकाळपर्यंत जाळ झोडपत होते. गंजी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी शिपायानं गावातल्या पुरुषांना उभं करून हात पाहिले. सगळ्यांचे स्वच्छ होते. चुलत्यांचे भाजलेले होते. त्यांना जिंतूरला नेण्यात आलं. ते सुटून आले तोवर वैरणीअभावी बैल बाजारात गेले होते.

पुढल्या होळीनंतर दवंडी झाली. शब्द तेच होते, शेवटचं वाक्य तेवढं नवं होतं. "मागल्या साली ह्या गावचा एक इसम जाळापाशी सापडला, त्याला कैद झाली."

चुलते ओट्यावर बसून ऐकत होते. या खेपेला पारावर कोणी हसलं नाही. कोणी काही विचारलंही नाही.

त्या चैत्रातही डोंगर पेटला. धूर गावावर उतरू लागला तसे चुलते ओट्यावरून उठले, पाणी मागून हात धुतले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.