साडूनं बांधलेला फेटा

माणूस परदेशात कशाला जातो? कोणी नोकरीला जातो, कोणी लेकाकडं जातो, कोणी बायकोला मनोऱ्यापुढं उभं करून फोटो काढायला जातो. मी फ्रान्सला गेलो तो माझ्या साडूचं थोबाड बंद करायला. रग्बी बघायची होतीच, नाही कशाला म्हणू? पण पोटात आग दुसरीच होती, आणि त्या आगीवर मी चार वर्षं काढली.

रग्बीचं वेड मला गुडघ्यानं लावलं. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल. पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात चेंडू देतात. मीही खेळलो, गुडघा मोडून घेतला आणि घरी बसलो. बसल्या बसल्या टीव्हीवर रग्बी लागली. तालमीतल्या गड्यांसारखी दांडगी माणसं चेंडू बगलेत मारून पळतायत, बाकीचे त्यांना कंबरेत धरून आपटतायत. मी म्हटलं, च्यायला, हा तर आपला खेळ! तेव्हापासून फिजीचा संघ माझा. का, ते विचारू नका. माणसाचा जीव कुठं बसतो ते सांगता येतं का?

या खेळाचा विश्वचषक चार वर्षांनी येतो. फ्रान्सच्या आधीच्या खेपेला तो जपानात होता. मी जायचं ठरवलं, व्हिसाला कागद दिले, आणि इथंच घोटाळा झाला. आमच्या पेठेत कशालाही फ्लेक्स लागतो. वाढदिवसाला, दहावीला, नवी गाडी घेतल्यावर. तालमीतल्या दोस्तांनी व्हिसा यायच्या आतच चौकात भलामोठा फ्लेक्स चढवला. ‘जपान दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!’ गॉगल लावलेला मी, मागं बर्फाचा डोंगर, आणि छपाईवाल्यानं पायाशी टाकलेला गोल फुटबॉल. रग्बीचा चेंडू लांबुडका असतो म्हणून मी त्याच्याशी भांडलो, पण व्हिसा अजून हातात नाही हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्यासुद्धा.

व्हिसा नाकारला गेला. कागदात काहीतरी कमी पडलं होतं. फ्लेक्स मात्र वाऱ्यापावसात तसाच फडफडत राहिला, आणि चहाच्या गाड्यावर येणारं जाणारं विचारायचं, “काय, गेला न्हाईसा अजून?”

तेही मी गिळलं असतं. पण माझा साडू! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, राहणार गडहिंग्लज. उसाचं रान, खताचं दुकान, आणि जीभ अशी की कोणाला सोडणार नाही. त्याच महिन्यात त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मांडव भरलेला, पंगत बसलेली, आणि साडूनं माईक घेतला.

“मंडळी, आत्ताच जपानहून परतलेलं आमचं पावणं आपल्यात हाईत. त्यांचा सत्कार करू या की!”

मला ओढून पुढं नेलं. गुलाबी जरीचा फेटा डोक्याला गुंडाळला, खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. वर म्हणतोय, “ह्यो बगा रग्बीचा चेंडू. जपून धरा, पावणं, न्हायतर ह्योबी जायचा हातातनं!”

अख्खा मांडव हसला. आचारी झारा टाकून हसला. माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची आक्का, तेवढी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी तो फेटा डोक्यावरून काढला नाही. तसाच गाडीत बसलो आणि बायकोला बजावलं, “आजपासनं ह्याच्या दारात आपल्या घरातल्या कुणाचाबी पाय पडणार न्हाय. आपण गुमान परदेशात जाऊन रग्बी बघणार, आणि मग ह्याच्याच मांडवात ह्याला उत्तर देणार.”

बायको त्या दारात गेली नाही. पण दोघी बहिणी मधूनअधून अर्ध्या वाटेवरच्या निपाणीच्या स्टँडवर भेटायच्या. एक इकडून एसटीनं, एक तिकडून. बाकड्यावर बसून डबा खायच्या आणि आपापल्या गाडीनं परत. मला ते कळत होतं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी फेटा कापूर घालून कपाटात ठेवला होता आणि रोज सकाळी कपाट उघडून बघत होतो. पुढचा विश्वचषक फ्रान्सला होता.

या खेपेला एकेक कागद दोनदा तपासला. पेठेत चकार शब्द काढला नाही. आणि आणखी एक तयारी केली. आमच्याकडं फेटा स्वतःच्या हातानं कोण बांधतं? लग्नाकार्यात फेटेवाला असतो, त्याच्यापुढं डोकं वाकवायचं, झालं. मी एका फेटेवाल्याकडं जाऊन शिकलो. तो म्हणाला, “बांधशीला वो, पर टोक धरायला दुसरा माणूस पायजे. त्यानं ताणून धरलं तरच पीळ बसतोय.” घरी खिडकीच्या गजाला टोक बांधून सराव केला. बायको भाकरी थापता थापता बघायची. एकदा म्हणाली, “आणा, मी धरते की.” मी म्हटलं, “राहू दे.”

तर असा मी तुलूझ नावाच्या गावात पोचलो. फिजीचा सामना पोर्तुगालशी. मैदानाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं माझ्या डोक्यावरच्या त्याच गुलाबी फेट्याकडं बोट दाखवलं आणि तो सोडून दाखवायला लावलं. दाखवला. आता परत बांधायचा तर गज कुठं आहे? शेजारी लाल शर्टातला एक टकलू पोर्तुगीज उभा होता, म्हणजे शत्रूच. मी त्याच्या हातात टोक दिलं आणि खुणेनं सांगितलं, ताण. त्यानं दोन्ही हातांनी इमानेइतबारे ताणून धरलं. मी वेढे घेत गेलो तसा फेटा आखूड होत गेला आणि तो माणूस जवळ जवळ येत गेला, ते शेवटी नाकाला नाक. मग त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि आम्ही दोघं आत गेलो.

आणि एका गुणानं हरलो की हो! शेवटच्या काही मिनिटांत पोर्तुगालनं सामना खेचून नेला. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आमच्या पेठेत असं झालं तर रात्री घरोघरी चूल थंड असते. आणि इथं बघतो तर फिजीची माणसं उभं राहून जिंकलेल्यांसाठी टाळ्या वाजवतायत! तो टकलू रडत रडत येऊन माझ्या गळ्यात पडला. मी त्याला थोपटलं, पण मनात म्हटलं, हरल्यावर टाळ्या वाजवायला आपल्याला कोणी शिकवलेलं नाही आणि शिकायचंही नाही. तिथंच मैदानाकडं पाठ करून फेट्यासकट फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. टकलूनं टोक धरल्याची गोष्ट बायकोला त्याच रात्री फोनवर सांगितली.

साडूचं उत्तर आलं: “फोटो झ्याक. स्टुडिओ कोल्हापुरात कुठला, राजारामपुरीतला का शाहूपुरीतला?”

बघा! या माणसाला सोडायचं?

त्या हिवाळ्यात साडूच्या लेकीचं लग्न निघालं. मंगल कार्यालय गडहिंग्लजचंच, पण कार्यालय म्हणजे काही त्याचं दार नव्हे, म्हणून मी जायला तयार झालो. बायकोचा चेहरा उजळला, आणि मी घरून तोच गुलाबी फेटा बांधून निघालो म्हटल्यावर परत मावळला. “आज नका,” एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही.

अक्षता पडल्या. मग मानकऱ्यांना फेटे बांधायला सुरुवात झाली. मुलीच्या मावशीचा नवरा म्हणून माझा मान मोठा. साडू केशरी फेटा हातात घेऊन स्वतः पुढं आला. थकलेला दिसत होता. “या पावणं,” म्हणाला, “तेवढं जुनं काढा.”

मी माईक मागून घेतला.

“साडूभाऊ, फेटा तुम्ही मला मागंच बांधलासा, तुमच्या वास्तुशांतीला, ह्याच लोकांपुढं. त्यो मी फ्रान्स फिरवून आणला. आता तुमच्या हातचा दुसरा मला नको.”

वाजंत्री थांबली. लग्नात फेटा नाकारणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. साडूचं तोंड राखेसारखं झालं. हातातलं कापड तसंच, जीभ टाळ्याला चिकटलेली. ह्याच क्षणासाठी मी समुद्र ओलांडला होता. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं!

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी बायको उठली. सरळ आमच्यामध्ये येऊन खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

“दाजी, मला बांधा,” ती म्हणाली. “मान आमच्या घराचा हाय. घरात मीबी हाय.”

साडूनं कापड उलगडलं. लांबलचक टोक सतरंजीवर लोळायला लागलं. बायकोनं वाकून ते उचललं आणि माझ्या हातात दिलं.

“धरा. चांगलं ताणून धरा. परक्या मुलखात गडी मिळतो धरायला, इथं तुम्ही हाईसा की.”

नवरी बघत होती. आक्का बघत होती, डोळ्याला पाण्याची धार. सगळा मांडव बघत होता. टोक फेकून द्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी धरलं. साडूनं एक वेढा घेतला, मला पुढं व्हावं लागलं. दुसरा घेतला, आणखी पुढं. त्याच्याकडं बघायचं नाही म्हणून मी कापडाकडं बघत राहिलो आणि कापड संपत आलं. शेवटचा पीळ बसला तेव्हा साडू आणि मी खांद्याला खांदा लावून उभे होतो. दोघांनाही घाम फुटला होता.

बायको उठली, फेटा हातानं चाचपून बघितला, आणि आम्हा दोघांकडं न बघता आक्काचा हात धरून पंगतीला जाऊन बसली.