सुई मोडेपर्यंत

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पनवेलच्या एका लहानशा लॅबमध्ये मी रक्त काढायचो. मिठागरांकडच्या गावातला एक पेशंट दर तीन महिन्यांनी यायचा. त्याचं नाव सांगणार नाही. त्याला हेपॅटायटिस बी होता आणि एचआयव्हीही. आधी लिव्हर सांभाळ, असं डॉक्टरांनी बजावल्यावर त्यानं दारू सोडली, काविळीचा झाडपालाही सोडला.

‘लग्नात हलदीला सगली बोलतात, एक घे, बायको काय बोलनार नाय,’ तो हसून सांगायचा. ‘मी बोललो, बायको नाय, लिव्हर बोलते.’

एका दुपारी लॅबमध्ये गर्दी होती. त्याचं रक्त काढून मी सवयीनं सुई उकळायच्या भांड्यात टाकायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं.

‘भाऊ, तोडा ती.’

‘उकळतो ना मी.’

‘किती मिनटं?’

बाकावर एक गरोदर बाई नंबरची वाट बघत होती. तिच्याकडे पाहत तो हळूच म्हणाला, ‘मला कोनच्या सुईनं दिलं, ठावं नाय. तिला माज्याकडून जायला नको.’

मी पक्कडीनं सुई मोडली. तुकडे नीट पाहूनच तो उठला.

त्यानंतर मी एकही सुई दुसऱ्यांदा वापरली नाही. पण त्याआधी घाईच्या दिवशी मी सुया नुसत्या गरम पाण्यातून काढायचो, हे आज पहिल्यांदा लिहितोय. आणि त्याला पहिली कावीळ होऊन हे आजार कळले, त्याआधी तो दोनदा माझ्याकडेच रक्त तपासायला देऊन गेला होता. ते मला आठवत होतं. त्याला मी सांगितलं नाही.