टायरच्या खुणांवरून

माझं पोस्टिंग सहाराच्या दक्षिण टोकाला होतं. चार उघड्या फोर-बाय-फोर गाड्या, सोळा माणसं आणि अकरा दिवसांची गस्त. मी ब्रिटिश आर्मीत लान्स कॉर्पोरल, दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. घर लंडनला, हाउन्सलोत. बाबा एअरपोर्टवर कार्गोत कामाला होते. मी आर्मीत जातो म्हटल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

माझ्या डावीकडे कमांडर, सार्जंट हॅरिस. मागे, माझ्या डोक्याच्या वर, मशिनगनवर डॅनी उभा असायचा. नॉटिंगहॅमचा, वय चोवीस.

पहाटे पाचला उठायचं. टायर, ऑइल, रेडिओ तपासायचे. पावणेसहाला निघायचं. वाळू मऊ लागली की टायरमधली हवा कमी करायची, खडक लागले की पुन्हा भरायची. पाणी कायम कोमट. दुपारी कुणाला बोलायचा उत्साह नसे, तेव्हा डॅनी इंटरकॉमवर माझ्याकडून मराठी शिव्या शिकायचा. त्याचे उच्चार असे होते की शिवी ऐकून हसूच यायचं.

नवव्या दिवशी सकाळी दहा वीसला आम्ही एका कोरड्या नदीपाशी पोचलो. पहिली गाडी पात्रात उतरली आणि सुरुंगावर गेली. पुढची दोन्ही चाकं उडाली, गाडी कुशीवर पडली. लगेच समोरच्या काठावरून गोळीबार सुरू झाला.

हॅरिस रेडिओवर ओरडला, "कॉन्टॅक्ट फ्रंट! वेट आउट!" म्हणजे समोर शत्रू आहे, बाकीचं नंतर कळवतो.

पहिल्या गाडीतले दोघं रांगत मागे आले. तिचा कमांडर कॉर्पोरल मार्क जागच्या जागी गेला होता. ड्रायव्हर टॉम वाळूत पडला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तो किंचाळत होता.

"तिथपर्यंत नेशील?" हॅरिसने विचारलं.

"त्यांच्या खुणांवरून नेतो, सार्ज. बाहेर चाक गेलं तर सांगता येत नाही."

"मूव्ह."

ऐंशी मीटर. मी पहिल्या गाडीच्या टायरच्या खुणांवर चाकं धरली. वर डॅनी सतत फायर करत होता. रिकाम्या पुंगळ्या माझ्या मानेवर पडत होत्या, कातडी भाजत होती. विंडस्क्रीन फुटली.

हॅरिस उडी मारून उतरला. त्याने टॉमच्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा, टूर्निके, आवळला आणि त्याला ओढू लागला. इतक्यात वीस पावलांवरच्या खडकामागून एक माणूस रायफल घेऊन उठला. मी सीटवरूनच तीन गोळ्या झाडल्या. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. त्याची दाढी पांढरी होती. बाबांच्या वयाचा असावा.

हॅरिसने टॉमला गाडीत घेतलं. "बॅक! बॅक!"

मी रिव्हर्स टाकला. नजर आरशात, त्याच खुणांवर. निम्म्या वाटेवर पुंगळ्या पडायच्या थांबल्या.

"डॅनी, गन जॅम झाली का?"

माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी गरम ठिबकू लागलं.

वर पाहिलं असतं तर चाक खुणेबाहेर गेलं असतं. गाडीत टॉम होता, हॅरिस होता. मी वर पाहिलं नाही.

दहा एकेचाळीसला आम्ही आडोशाला पोचलो. तिसऱ्या गाडीतल्या मेडिकने अकरा मिनिटं डॅनीवर प्रयत्न केले. मग तिने हातमोजे काढले आणि ती टॉमकडे वळली. हेलिकॉप्टर साडेअकराला आलं.

टॉम जगला. आता कृत्रिम पायाने चालतो. मी आर्मी सोडली.

दर नोव्हेंबरमध्ये रिमेम्ब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, मी नॉटिंगहॅमला जातो आणि डॅनीच्या आईशेजारी उभा राहतो. ती तिकडच्या रीतीप्रमाणे मला प्रेमाने 'डक' म्हणते. पहिल्या वर्षी दोन मिनिटांच्या शांततेनंतर तिने विचारलं, "डक, शेवटी तो एकटा होता का?"

"नाही. मी त्याच्या खालीच होतो. हात वर केला असता तर त्याच्या बुटाला लागला असता."

"मग केलास का?"

"नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

मग तिने माझा हात धरला आणि बँड निघून जाईपर्यंत सोडला नाही.

कॉर्पोरल मार्क, वय एकतीस. डॅनी, वय चोवीस.