कृपेच्या प्रश्नाला कॉपी

मोहन्याच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग मी पहिल्यांदा घेतला, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. दृढीकरण म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करायचा आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं. त्याआधी सहा महिने वर्ग आणि शेवटी लेखी परीक्षा. स्वर्गात परीक्षा असते की नाही ठाऊक नाही, मोहन्यात होती.

परीक्षेची कल्पना मंडळीच्या सेक्रेटरींची. ते कारखान्यात टाइमकीपर. सहा दिवस कामगारांचे लेटमार्क मांडूनही त्यांची हौस फिटत नसे, म्हणून सातव्या दिवशी ते आमच्या वर्गाचं मस्टर ठेवत. पहिल्याच रविवारी त्यांनी मला बजावलं, "बाई, पोरांना आधी नरक शिकवा. प्रेमाचं मग बघू."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, कल्याणहून स्कूटरवर येत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फार घाबरवू नका हो. आधीच तरुण मंडळी टिकत नाहीत."

मी दोघांनाही 'हो' म्हणाले आणि अर्धा तास न्याय, अर्धा तास कृपा असं वेळापत्रक केलं. न्यायाला पोरं ताठ बसत, कृपेला मागचा बाक डुलक्या काढी. आठवडाभर मी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत पासाच्या खिडकीशी बसायचे. अर्जावर शाळेचा शिक्का नसेल तर पोरांना परत धाडायचे. तेव्हा न्याय शिकवण्याचा माझा हात बसलेला होता. कृपेची मात्र मी सरळ व्याख्याच लिहून दिली: लायकी नसताना देवाकडून मिळणारं दान म्हणजे कृपा. सगळ्यांनी घोकली.

एकीने नाही घोकली. वडील कारखान्यात फिटर, आणि हिचं डोकंही तसंच, प्रत्येक गोष्ट खोलून बघणारं. "टीचर, देव माफ करतोच, तर नरक कोणासाठी ठेवलाय?" असं तिने विचारलं की मी घड्याळ बघायचे.

परीक्षेत नेमकी तीच सापडली. सेक्रेटरींनी तिच्या कंपासपेटीतून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर कृपेची व्याख्या होती.

पेपर संपल्यावर आम्ही तिघं आणि ती, चर्चमागच्या खोलीत बसलो. सेक्रेटरी म्हणाले, "हिचं दृढीकरण रद्द." पाळकसाहेब म्हणाले, "लहान आहे, सोडा." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. वर्ग माझा होता ना!

"अगं, निदान या प्रश्नाला तरी कॉपी करायची नाहीस," मी म्हणाले.

ती खाली बघत बोलली, "टीचर, लायकी नसताना मिळते ती कृपा ना? मग माझी लायकी नाहीये. द्या की."

पाळकसाहेबांना ठसका लागला. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, हे तुमचं प्रेम!" मला राग आला, कारण तिचं उत्तर बरोबर होतं.

"ते पाठ केलेलं नको," मी म्हणाले. "तुझ्या शब्दांत सांग."

तिने कंपासपेटीचं झाकण उघडून मिटलं. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात मी पप्पांचा रेडिओ पाडलेला. लग्नातला होता. पप्पा दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं, रेडिओ खोलला नि स्क्रू माझ्या हातात दिले. रेडिओ काय लागला नाही. पण ते 'जाऊ दे' पण नाही बोलले, नि 'तू पाडलास' हे पण परत नाही बोलले." तिने नाक पुसलं. "तसंच काहीतरी असेल."

मला आठवलं, ती सुबक व्याख्या मी एका शिबिरातल्या वहीतून जशीच्या तशी उतरवली होती. माझी कंपासपेटी कोणी तपासली नव्हती, एवढंच.

"गुण किती लिहू?" सेक्रेटरींनी पेन उघडलं.

"कॉपी केली, शून्य लिहा. आणि तिला पास करा."

"असं मस्टरात बसत नाही, बाई."

"बसवा," मी म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदाच उलट बोलत होते. पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना केली, म्हणजे विषय संपला. शून्याचं ऐकून मुलीने मान हलवली. पास झाल्याचं ऐकून मात्र रडली. दृढीकरणाच्या दिवशी ती इतरांबरोबर उभी राहिली, आणि विश्वास कबूल करताना तिचा आवाज सगळ्यांत हळू होता.

पुढच्या वर्षी मी व्याख्या देणं बंद केलं. पोरं भांडायची, उलटसुलट विचारायची. मीही कित्येकदा "मला नाही माहीत" म्हणायचे. परीक्षेत अर्धा वर्ग नापास झाला. मंडळीच्या सभेत सेक्रेटरींनी माझा न्याय केला आणि पाळकसाहेबांनी तो प्रेमाने कळवला: माझी बदली नाताळच्या चहा-केक समितीवर झाली होती.