ड्रमवरचा बदली

ड्रमच्या स्टुलावर बसण्याआधी तो ते स्टूल धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि उठल्यावर पुन्हा पुसायचा. बसण्याआधी पुसणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. उठल्यावर पुसणारा मी तेवढा एकच पाहिला. विचारलं तर म्हणायचा, "मालकाची जागा हाय, बाई. मालक आला की मी उटनार."

मालक म्हणजे पीटर, आमच्या बँडचा खरा ड्रमर.

त्या काळी सोलापुरात जॅझ बँड होता असं सांगितलं की आता लोक हसतात. पण होता. कॅम्पात साहेब लोकांचा एक क्लब होता आणि तिथे दर शनिवारी संध्याकाळी नाच असायचा. बँड गोव्याच्या एका मास्तरांचा. ते कॉर्नेट वाजवायचे. रेल्वेतले एक गार्ड सॅक्सोफोन वाजवायचे, मालधक्क्यावरचे एक कारकून व्हायोलिन, पीटर ड्रम आणि मी पियानो. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीने शनिवारी नाचाला पियानो वाजवावा, हे आमच्या पाळकांना आवडत नसे. पण माझे वडील वारले होते आणि धाकटी भावंडं शिकत होती, त्यामुळे ते बोलून दाखवत नसत.

नाताळच्या तोंडावर पीटरला विषमज्वर झाला. शनिवारी वर्षातला सगळ्यात मोठा नाच, आणि बुधवारी पीटर दवाखान्यात. मास्तरांनी पुण्याला तार केली. नाताळात पुण्यात कुठला ड्रमर मोकळा असणार?

मास्तर गिरणीजवळ राहायचे. गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या मागावर त्या दिवसापुरता दुसरा उभा करतात, त्याला बदली म्हणतात. ही बदली माणसं सकाळी भोंग्याच्या आधी दाराशी रांगेत उभी राहतात. मुकादम बोट दाखवील तो आत जातो, उरलेले परत. गुरुवारी परत पाठवलेल्यांतला एक जण लिंबाच्या झाडाखाली बसून भाकरीचा डबा बोटांनी वाजवत होता. मास्तर दूध घेऊन चालले होते. ते थांबले, पूर्ण ऐकून घेतलं आणि दुधाच्या तांब्यासकट त्याला सरळ आमच्या तालमीच्या खोलीत घेऊन आले.

"हा बदली," मास्तर म्हणाले. तेच त्याचं नाव पडलं.

चाळिशीचा, उंच, रापलेला माणूस. डोक्याला लाल पटका. सांगोल्याकडचा धनगर. मेंढरं रोगाने मेल्यावर गिरणीत आला होता आणि इतकी वर्षं होऊनही बदलीच राहिला होता. गावी असताना तो गजीचा ढोल वाजवायचा. धनगर रुमाल उडवत फेर धरतात तो गजीचा खेळ तुम्ही पाहिला असेल तर त्या ढोलाचा आवाजही तुमच्या ध्यानात असेल. पण त्या ढोलाला एक बाजू टिपरीने आणि दुसरी हाताने वाजवतात. इथे दोन्ही हातांत काड्या, डोक्याजवळ झांज आणि खाली पायाने वाजवायचा भला मोठा ड्रम. त्याने सगळं नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "बाई, पाय पन वाजवायचा व्हय?"

"हो."

"मंग वहाना काडतो."

पहिल्या दिवशी त्याला काही जमेना. आमचं गाणं पळत सुटायचं, तो मागे राहायचा. मास्तर वैतागले. तेव्हा त्याने पुन्हा मलाच विचारलं, "गानं कशाचं हाय?"

मी सांगितलं, एका माणसाची बायको गाडीत बसून निघून गेली आहे, आणि तो एकटाच स्टेशनवर उभा आहे.

त्याने काड्या मांडीवर ठेवल्या. मग म्हणाला, "गेली की ती. मंग ह्येला एवडी घाई कशाची?"

मास्तर हसले. पण पुढच्या खेपेला त्यांनी गाणं जरा सावकाश धरलं आणि याने दर ओळीच्या शेवटी काडी उचलून नुसती धरली. मारली नाही. ती पडेल पडेल म्हणून आपण वाट बघावी, आणि आपली वाट बघून संपल्यावर ती पडावी. मी ते गाणं दोन वर्षं वाजवत होते. ते दुःखाचं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी त्याला पीटरचा काळा कोट घातला. बाह्या आखूड पडल्या. पटका काढायला सांगितला तेव्हा मात्र तो घुटमळला. बायामाणसांसमोर बोडक्या डोक्याने बसणं त्याला अवघड वाटत होतं. शेवटी पटक्याची घडी करून त्याने ती मांडीखाली ठेवली आणि अनवाणी पाय ड्रमच्या पट्टीवर टेकवला. पहिल्या दोन नाचांत जोड्या अडखळल्या. तिसऱ्यापासून त्याला ठेका सापडला, आणि साहेब-मडमा दमल्या तरी बसेनात. एक म्हातारे इंजिन ड्रायव्हर साहेब मुद्दाम बँडपाशी येऊन मास्तरांना विचारून गेले, हा कोण? मास्तर म्हणाले, "टेंपररी."

पीटर दोन महिने उठला नाही. हा दर शनिवारी वाजवत राहिला. आणि तुम्हाला नवल वाटेल, दर रविवारी दवाखान्यात जाऊन तो पीटरच्या पायथ्याशी बसायचा. भाषा धड कुणालाच कुणाची येत नव्हती. एकदा मी गेले तर हा पीटरचे पाय चेपत होता. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "पीटर बरा झाला तर तुमची जागा जाईल."

"जाऊ द्या की. मानूस उटला पायजे," तो म्हणाला. मग बराच वेळ चालल्यावर, मी काही विचारलं नसताना म्हणाला, "पन मनात येतं, बाई. न्हाय म्हनत न्हाय. मनात येतं म्हनून तर पाय चेपाय येतो."

मनात यायला कारण होतं. बँडच्या कायम ड्रमरला क्लबच्या मागची एक खोली मिळायची. बदलीची बायको गावी दिराच्या घरी राहत होती. गिरणीतला कायम कामगार झालो की हिला आणीन, असं तो लग्नानंतर वर्षभरात म्हणाला होता. आता तिच्या डोळ्याला दिसणं कमी झालं होतं, आणि जाऊ तिला चुलीपाशी येऊ देत नव्हती. हे त्याने एकदाच सांगितलं, काड्यांना तेल लावता लावता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

पीटर उठला, पण हातात जोर राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, याने आता गोव्याला आईकडे जावं. त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनवर गेला तो हाच. गाडी सुटल्यावर मास्तर त्याला म्हणाले, "आता स्टूल तुझं. क्लबच्या कमिटीला सांगतो."

त्या दिवसापासून मी त्याला नोटेशन शिकवू लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी तालमीच्या आधी तासभर. त्यासाठी त्या दोन दिवशी तो गिरणीच्या दाराशी जाईना, कारण आत घेतलं तर दिवस मावळेपर्यंत सुटका नाही. मी कागदावर पाच रेघा ओढून त्यांवर स्वरांच्या खुणा काढायचे, काही पोकळ, काही काळ्या, काही शेपटीच्या. तो त्यांना मेंढरं म्हणायचा. "ही पांढरी सावकाश चालती. काळी पळती. शेपटीवाली आनकी पळती. बरोबर का?" बरोबरच होतं. मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कुणाला सांगता आलं नव्हतं. मात्र पाच रेघांवर एकदम कळप आला की तो गोंधळायचा. बोट ठेवून एकेक मोजायचा, कपाळाला घाम यायचा. "थांबा बाई, आता वळतो," म्हणायचा.

मास्तरांच्या शब्दावर त्याने खोलीला चुना लावला. मास्तर म्हणाले होते, कमिटीचं काय, नावापुरतं असतं. त्याने गावी निरोप धाडला. एका सोमवारी त्याची बायको आली, एक बोचकं, जातं आणि शेळीचं करडू घेऊन. ठेंगणी, शांत बाई. डोळ्यांना खरंच कमी दिसत होतं. ती भिंतीला हात लावत लावत पूर्ण खोली फिरली आणि म्हणाली, "लई मोटी हाय की." खोली दहा बाय दहासुद्धा नव्हती.

त्याच आठवड्यात क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावलं. मास्तरांचं इंग्रजी बेताचं, म्हणून असल्या कामाला मलाच हाक यायची. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली. माणूस चांगला वाजवतो हे त्याने स्वतः ऐकलं होतं. त्याने एकच विचारलं, याला नोटेशन वाचता येतं का?

मी म्हणाले, "नाही. अजून नाही."

मी खरं तेच सांगितलं. 'अजून' हा शब्द मी घातला होता, पण तो साहेबाच्या कानापर्यंत गेला नाही, की गेला आणि त्याने सोडून दिला, कोण जाणे. थोडं थोडं येतं, असंही म्हणता आलं असतं. तेही खोटं ठरलं नसतं. शिकवतेय, महिनाभर द्या, असं म्हणता आलं असतं. मी का म्हणाले नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. साहेबासमोर अचूक बोलायची मला सवय होती आणि त्या सवयीचा मला अभिमान होता, एवढंच उत्तर मला सापडलं. मी म्हणाले असते तरी त्याला जागा मिळाली नसती, असं मास्तर म्हणत. अनवाणी माणसाला ती कमिटी कायम करणार नव्हतीच. असेल. पण मला कुणी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

कमिटीने पुण्याला तार केली आणि शुक्रवारी तिथून एक तरुण आला. स्वतःचे ड्रम घेऊन आला, कुठलाही कागद पुढे ठेवा, धडाधड वाजवायचा. सामान लावायला त्याला मदत केली ती यानेच. कुठली झांज किती उंच, ते दाखवलं. मग स्टूल पुसलं, पटका बांधला आणि मास्तरांना वाकून नमस्कार केला. मास्तर खाली बघत होते.

त्याच दिवशी खोली रिकामी करायची होती. मी गेले तेव्हा त्याची बायको उंबऱ्यावर करडाला धरून बसली होती. मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच विचारलं, "बाई, तुमीच शिकवत होता न्हवं ह्यास्नी? लई नाव काडत्यात तुमचं." मी हो म्हणाले. ती म्हणाली, "चार दिस ऱ्हायले मी हितं. सोताच्या हातानं भाकरी थापल्या." तिने ते इतक्या समाधानाने सांगितलं की मला तिथे उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी तो तिला गावी पोचवून आला. जातं तेवढं मास्तरांच्या पडवीत राहिलं. ते ती परत नेईना.

शनिवार पुन्हा सुरू झाले. नवा ड्रमर एकदाही चुकत नसे. स्टेशनवर उभ्या माणसाचं गाणं आम्ही पुन्हा पहिल्यासारखं भरभर वाजवू लागलो. लोक नाचायचे. कुणीही बँडपाशी येऊन काही विचारत नसे.

महिनाभराने मास्तरांकडून कळलं की गिरणीतही त्याचं बरं चाललेलं नाही. दर मंगळवार-शुक्रवार रांगेला न आल्यामुळे मुकादमाने त्याला जुन्या बदल्यांतून काढून अगदी शेवटी, नव्यांच्या मागे उभं केलं होतं. शेवटपर्यंत मुकादमाचं बोट क्वचितच पोचायचं.

मी एका सकाळी शाळेच्या आधी गिरणीवर गेले. तिथे मी कधी गेले नव्हते. रस्ता माणसांनी भरलेला, सगळे भिंतीला पाठ लावून उभे. तो मला शेवटून तिसरा सापडला. वाळला होता. मला बघून त्याला आधी लाज वाटली, मग आनंद झाला.

"बाई, तुमी हितं कुटं?"

काय बोलायचं ते मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. त्यातलं काही उरलं नाही. मी म्हणाले, "साहेबाला मी सांगितलं होतं. तुम्हाला वाचता येत नाही असं मीच सांगितलं."

मी एवढ्यासाठी आले, याचंच त्याला आश्चर्य वाटलं असावं.

"मंग खरंच सांगितलं की," तो म्हणाला. "इचारल्यावर खोटं कशापायी बोलायचं?" आणि माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "तुमाला शाळंला उशीर हुईल. जावा तुमी."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथेच उभी राहिले.

मग भोंगा झाला आणि दारातून मुकादम बाहेर आला. रांगेतल्या सगळ्यांनी एकदम छाती पुढे काढली आणि दोन्ही हात पुढे धरले, तळवे वर करून. बोटं शाबूत आहेत, हात थरथरत नाहीत, हे दाखवायची ती रीत असावी. त्यानेही धरले. मी त्या हातांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मुकादम बोट दाखवत चालला, हा, तो, हा. अर्ध्यावर येऊन तो थांबला, मागे वळला आणि आत गेला. दार लागलं.

पुढची माणसं हात खाली घेऊन पांगली. त्याचे हात तसेच धरलेले होते. दार लागलेलं त्याने पाहिलं नव्हतं असं नाही. थोड्या वेळाने ते खाली आले. त्याने ते धोतराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, मला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. रांग पुढून मागपर्यंत पाहिली, तो कुठेच नव्हता. शेवटून तिसऱ्या जागी दुसराच एक माणूस हात पुढे धरून उभा होता.