बोलायला आम्ही आहोत

"पाकीट मत टाकल्यावर मिळेल. आधी नाही."

डॉक्टरसाहेबांनी हे बसच्या दारातच सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत. कॅनडात, मिसिसागातल्या एका बँक्वेट हॉलचं पार्किंग, रविवारची दुपार, पायाखाली बर्फाचा चिखल. बसमध्ये तेवीस जण होते. एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये माझ्यासोबत खोकी उचलणारे. पाकिटात दोन समोसे अन् एक लाडू. मत टाकलं की कोटावर हिरवा स्टिकर लागणार, स्टिकर दाखवला की समोसा मिळणार. पोराबाळांच्या आईबापांना हे असं सांगत होते. अन् मी त्यांच्या बाजूला उभी राहून मान हलवत होते.

कारण ही माणसं मीच आणली होती.

प्रांताच्या निवडणुकीला वेळ होता. त्या दिवशी ठरायचं होतं ते आमच्या भागात पक्षाचा उमेदवार कोण. ते पक्षाचे सभासद मत टाकून ठरवतात, अन् आमच्या पक्षात सभासद व्हायला नागरिकत्व लागत नाही. फॉर्म भरला की झालं. म्हणून अशा वेळी मोठ्या लोकांना आमच्यासारख्यांची आठवण येते.

डॉक्टरसाहेब मूळचे पुण्याचे, पन्नास वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर्ड. इथल्या मराठी लोकांत त्यांचा शब्द चालतो. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "तुम्ही नागपूरच्या? वा! आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. तो अच्छा मी जन्मापासून ओळखते. त्यानंतर मी त्यांची 'तू' झाले. माझं वय अठ्ठेचाळीस.

तरी मी लंच ब्रेकमध्ये फॉर्म भरून घेतले. आमच्याच लाईनवरच्या मंदाताईसाठी. कन्व्हेयरमध्ये तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली अन् तिसऱ्या दिवशी कंपनीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा मेसेज आला, आता काम नाही. आम्ही सगळे एजन्सीचे. कंपनी म्हणते ही आमची माणसं नाहीत, एजन्सी म्हणते आमच्याकडे जागा नाही. हा कायदा बदलायचा तर तो प्रांताच्या विधानसभेत. म्हणून मी डॉक्टरसाहेबांना एकच गोष्ट मागितली होती. सभेत दोन मिनिटं माईक. ते ज्याच्यासाठी मतं जमवत होते त्या उमेदवाराला विचारायचं होतं, एजन्सीच्या कामगारांसाठी विधानसभेत उभे राहाल का? "बघू ना, नक्की," म्हणाले होते.

हॉलमध्ये पुढे पांढरी कापडं घातलेली टेबलं. तिथे मराठी मंडळाची कुटुंबं. आम्ही मागे, कोट टांगायच्या खोलीपाशी. खुर्च्या नव्हत्या. मी पुढच्या टेबलाशी गेले. "साहेब, माझी दोन मिनिटं?"

"अगं, तू माईकवर काय बोलणार? माणसं आणलीस, छान केलंस. बोलायला आम्ही आहोत ना."

टेबल हसलं. उमेदवारही हसला. चाळिशीचा असेल. त्याला डॉक्टरसाहेब 'तुम्ही' म्हणतात. मला संताप आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. थकवा आला. नागपूरला मी सातवीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवायचे. मताचा अधिकार फळ्यावर लिहून द्यायचे. एवढा समुद्र ओलांडला, अन् उभं राहायची जागा तीच.

मागे आले तर मंदाताई म्हणाली, "बाई, पाय दुखून राहिले. कोणाले टाकाचं ते सांग ना लवकर."

अन् मला माझीच लाज वाटली. "इथे सही कर," एवढंच मी तिला म्हटलं होतं. कशाची सही, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. साहेब मला जे समजत होते, तेच मी हिला समजत होते. हे त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी नाही सांगणार," म्हटलं. "चल, त्यालाच विचारू."

दहाबारा जण टेबलांमधून पुढे गेलो, ओल्या बुटांनी. उमेदवाराने सवयीने हात पुढे केला. मंदाताईने तो आपल्या तीन बोटांच्या हाताने धरला अन् सोडलाच नाही.

"हे कंपनीत झालं. मले काढून टाकलं. तुमी निवडून आले तं काय करसान?"

त्याने डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हे विषय आज नकोत. आज आपला मराठी माणूस निवडायचाय."

"मंग मी कोण आहो, बाप्पा?" मंदाताई म्हणाली.

आम्ही नऊ जण मत न टाकता बाहेर पडलो. बाकीच्यांनी टाकलं, पाकीट घेतलं. त्यांना मी नावं ठेवत नाही, सकाळच्या शिफ्टवरून उपाशी आले होते. डॉक्टरसाहेबांचा माणूस जिंकला. आम्ही नसल्याने काही अडलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अगं, आता खरी निवडणूक. तुझी माणसं लागतील."

म्हटलं, "ती माझी माणसं नाहीत. आमच्यातले बरेच नागरिक झालेत. दर शनिवारी आम्ही मंदाताईच्या बेसमेंटमध्ये बसतो. उमेदवाराला तिथे पाठवा. एजन्सीच्या कामगारांसाठी काय करणार, ते लिहून द्यावं लागेल."

"असं कोणी लिहून देत नसतं गं."

"मग मत नाही," म्हटलं अन् फोन ठेवला.

बाकीच्या पक्षांनाही हेच कळवलंय. एकाचंही उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही. शनिवारी बसणं आम्ही सोडणार नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत माझ्या हातात नागरिकत्व असेल. तेव्हा आमच्यातून दुसरं कोणी उभं राहिलं नाही, तर मी राहीन.