वहिनीने बसवलेला ब्लोअर

माझी वहिनी गॅरेजवाल्याची बायको. दादा गाडीखाली शिरला की टॉर्च तिने धरायचा. बारा वर्षं धरला. हात हलला की पाना पाठीत बसायचा. तिच्या अंगावरचे वळ मी पाहत आले आणि देवापुढे दिवा लावून गप्प बसले. दादा माझा सख्खा भाऊ. हे पाप माझंही आहे, ते मी लपवत नाही.

त्या थंडीत त्याने पहिल्यांदा पोरीवर हात उचलला. सात वर्षांची पोर, कानातून रक्त आलं. वहिनी एवढंच म्हणाली, "मी हिला घेऊन माहेरी जाते." माहेर घाटापलीकडे. दादा उठला, तिच्या जुन्या गाडीतल्या हीटरच्या ब्लोअरची मोटर काढली, ऐरणीवर ठेवली आणि हातोड्याने चेचली.

"जा आता. काच धुरकटली की पोरीसकट दरीत जाशील," म्हणाला आणि बाजारात निघून गेला.

गॅरेजमागे तसलीच एक भंगार गाडी पडून होती. वहिनीने तीन स्क्रू काढून तिची मोटर सोडवली. पोरीला घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः पाय बाहेर, डोकं डॅशबोर्डखाली अशी आडवी झाली. टॉर्च मी धरला. माझा हात थरथरत होता.

"हलू दे वन्सं," ती म्हणाली. "मी मारत नाही."

प्लग जुळेना, म्हणून तिने वायरी सोलून नुसत्या पिळून जोडल्या. गाडी सुरू केली. मोटर गरगरली, पण जाळीशी हात धरला तर हवा फुंकरीएवढीच. काच पांढरीच. मोटर पुन्हा काढली, पुन्हा बसवली. तेच.

तेवढ्यात दादा आला. दारातच आवाज ऐकून हसला.

"पंखा उलटा फिरतोय. वायरी उलट्या जोडल्यास, बावळट. बारा वर्षं काय डोळे मिटून उभी होतीस?"

कामातली चूक दिसली की त्याला राहवत नसे. गिऱ्हाइकाची गचांडी धरली तरी त्याच्या गाडीला काय झालंय ते सांगून टाकायचा.

वहिनी परत डॅशबोर्डखाली शिरली. तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो. त्याने घोटा धरून तिला बाहेर ओढलं. हनुवटी दाराच्या पत्र्यावर आपटली, दात ओठात रुतले. तिने दुसऱ्या पायाने घातलेली लाथ त्याच्या नाकावर बसली. तो जॅकचा दांडा घ्यायला वाकला. मी देवाचं नाव घेतलं आणि दांडा आधी उचलला. पहिला घाव मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा गुडघ्यावर. आई गेल्यावर मला यानेच भरवलं होतं.

"बास, वन्सं," वहिनी पुन्हा डॅशबोर्डखाली शिरत म्हणाली. "उजेड दाखवा."

वायरींची अदलाबदल झाली. आधी धूळ आली, मग गरम हवा. काच खालून वर मोकळी होत गेली. वहिनीने रक्त थुंकलं, दार लावलं आणि पोरीला घेऊन निघाली.

दादा भिंतीला टेकून बसला होता, मोडलेलं मनगट मांडीवर.

"काच साफ झाली?"

"झाली."

"डॉक्टरला बोलाव."

"बोलावते," मी म्हणाले. पण गाडीचा आवाज पुरता विरेपर्यंत दांडा घेऊन दारातच उभी राहिले.